नव्या माशांची ओसरी

पेण तालुक्याच्या खारेपाटांत पावसाळ्यांत फिरणाऱ्या पांथस्थाला अनेक घरांशेजारीं एक लहानसें तळें दिसतें. वरवर पाहतां तें साधें डबकें वाटेल. परंतु घरधन्याला विचारल्यास तो अभिमानानें सांगेल कीं, यांत जिताडा आहे. खाडीच्या तोंडाशीं खाऱ्या पाण्यांत जन्मणारा, लहानपणीं भरतीबरोबर खाजणांत शिरणारा आणि पुढें गोड्या पाण्यांतहि सुखानें वाढणारा हा मासा या भागाचें भूषण होय. त्याचीं पिलें धरून आणावयाचीं, घरच्या तळ्यांत सोडावयाचीं, लहान मासळीवर पोसावयाचीं आणि पाहुणा आला किंवा कोणाचा उपकार फेडावयाचा असला म्हणजे एखादा मोठा जिताडा काढून पाठवावयाचा, ही पेण व अलिबाग या तालुक्यांतील जुनी चाल आहे.

या चालींत धोक्याचा असा एकच क्षण असतो. नवीं पिलें घेऊन कोणी तरी येतो आणि भांडें तसेंच तळ्यांत उपडें करतो. त्या भांड्यांतून केवळ पिलेंच तळ्यांत जात नाहींत. त्यांच्या कल्ल्यांना चिकटलेले जीव, अंगावरच्या जखमा आणि खाडीचें पाणी हीं सर्वच आंत जातात. दोन वर्षें पोसलेला जिताडा आणि काल आलेलें पिलू यांच्यामध्यें त्या क्षणानंतर कसलाच आडपडदा राहत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांत जिताड्याच्या तळ्याची जागा कांचेच्या पेटीनें घेतली आहे. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून समुद्रांतील रंगीत मासे कांचेआड पाहण्याची गोडी कित्येक कुटुंबांस लागली. पुढें हवेचे पंप, कृत्रिम समुद्राचें मीठ व पाणी तपासण्याचीं साधनें बाजारांत आलीं आणि पेण किंवा रोहें यांसारख्या गांवांतील दिवाणखान्यांतहि समुद्राचा एक तुकडा ठेवणें शक्य झालें. परंतु भांडें उपडें करण्याची संवय मात्र तीच राहिली. नवा मासा घरीं येतो, मुलें भोंवतीं जमतात, आणि आजच्या आज तो मोठ्या पेटींत पोहतांना दिसावा असा हट्ट धरतात. तो हट्ट पुरविला जातो. आठ-दहा दिवसांनीं जुन्या माशांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागतात, आणि पंधरवड्यांत पेटी रिकामी होते. दोष पाण्याला, हवेला किंवा विक्रेत्याला दिला जातो. खरा दोष त्या पहिल्या सायंकाळचा असतो.

मनुष्याच्या बाबतींत हा धडा फार पूर्वीं शिकला गेला आहे. एड्रिॲटिक समुद्रावरील रागुसा या बंदरानें १३७७ सालीं प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढें ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हें नांव रूढ झालें. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां विलगीकरणाच्या छावण्यांचा कडू अनुभव महाराष्ट्रानें घेतला. त्या काळच्या जुलमाची आठवण अप्रिय असली, तरी त्यामागील तत्त्व खरें आहे. रोग दिसूं लागण्यापूर्वीं तो अंगांत असतो, आणि तो लपलेला काळ संपेपर्यंत नव्याला जुन्यांत मिसळूं देऊं नये.

माशांच्या बाबतींत हा लपलेला काळ किती, हें त्यांच्या मुख्य शत्रूच्या जीवनक्रमावरून कळतें. समुद्रांतील माशांवर पांढरे ठिपके पाडणाऱ्या सूक्ष्म जीवास शास्त्रज्ञ ‘क्रिप्टोकॅरियॉन’ म्हणतात. तो माशाच्या कातडींत व कल्ल्यांत शिरून साधारण तीन ते सात दिवस तेथें पोसतो. नंतर तो आपण होऊन सुटतो, तळाशीं जाऊन वाळूला, दगडाला किंवा कांचेला चिकटतो आणि स्वतःभोंवतीं कवच करून त्याच्या आंत शेंकडों तुकड्यांत विभागतो. तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, आणि क्वचित् त्याहूनहि उशिरां, हें कवच फुटतें व पोहणारी नवी संतति बाहेर पडते. तिला एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर ती मरते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ठिपके नाहींसे झाले म्हणजे रोग गेला असें नव्हे. तो केवळ माशावरून तळाशीं उतरलेला असतो. म्हणून नव्या माशास निदान चार आठवडे, आणि शक्य तर सहा आठवडे, निराळें ठेवावें असा जाणत्यांचा आग्रह असतो.

आतां प्रश्न येतो तो निराळ्या टाकीच्या निवडीचा. येथें पुष्कळ घरांत दोन चुका होतात. कोणी लोणच्याची बरणी पुरे समजतो, तर कोणी दुसरी शोभिवंत पेटीच मांडून बसतो. लहान भांड्यांत माशाच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया कांहीं तासांतच घातक प्रमाणास पोंचतो. समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यानें त्यांतील अमोनिया गोड्या पाण्यांतल्यापेक्षां अधिक विषारी ठरतो. उलट टाकी फार मोठी असली तर पाणी बदलणें आणि औषधाचें माप ठेवणें दोन्ही जड जातें, आणि जें जड जातें तें आठवड्याभरांत टाळलें जातें.

दोन-चार इंच लांबीच्या एक-दोन माशांसाठीं दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी कांचेची टाकी बेताची होय. काठापासून दोन इंच खालीं पाणी ठेवलें तर तींत सुमारें ४७ लिटर पाणी मावतें. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एकदां टाकी भरावयास सुमारें पावणेदोन किलो कृत्रिम समुद्रमीठ लागेल व अर्धें पाणी बदलावयास त्याच्या निम्में. हा खर्च मध्यम स्थितीच्या घरास झेपणारा आहे. आकार पाहतांना उंचीपेक्षां लांबी-रुंदीकडे अधिक लक्ष द्यावें. कारण हवा पाण्यांत मिसळते ती वरच्या पृष्ठभागांतून. वादळी रात्रीं वीज गेली व पंप थांबला तर अरुंद व खोल टाकीपेक्षां पसरट टाकींतील मासा अधिक वेळ तग धरील. कोंकणच्या पावसाळ्यांत हा विचार गौण मानतां येत नाहीं. बॅटरीवर चालणारा लहान पंपहि हाताशीं असावा.

टाकी कशाची असावी, हा पुढचा विचार. कांच उत्तम, कारण येथें मुख्य काम निरीक्षणाचें आहे. अन्नपदार्थ ठेवण्यायोग्य प्लॅस्टिकचें स्वच्छ पिंपहि चालेल. मात्र बाजूनें मासा दिसत नाहीं ही त्याची उणीव आहे. सिमेंटचा नवा हौद मुळींच नको. त्यांतून चुना पाण्यांत उतरतो व पाण्याची अल्कता वाढवितो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीहि वर्ज्य. कोंकणांतील घरांत आणखी एका गोष्टीविषयीं सांवध राहावयास हवें. पाणी आणावयाचें म्हणजे तांब्याची कळशी किंवा पितळेचें घंगाळ पुढें येतें. खारें पाणी तांबें हळूहळू खातें, आणि तें विरघळलेलें तांबें पुढें पेटींतील खेकडे, शंख, पोंवळीं यांच्या जिवावर उठतें. माणसाच्या पाण्याला जें शुद्ध, तें येथें निषिद्ध.

टाकीच्या आंत काय असावें, यापेक्षां काय नसावें हें महत्त्वाचें आहे. वाळू नको, दगड नको, शिंपले नकोत. वाळूंत रोगाचीं कवचें लपतात. शिंपले व पोंवळ्याचे दगड हे चुन्याचे असल्यानें औषध म्हणून घातलेलें तांबें शोषून घेतात, आणि मोजून दिलेली मात्रा निरुपयोगी ठरते. उघडा तळ दिसावयास ओकाबोका खरा, परंतु त्यावर पडलेली विष्ठा, उरलेलें अन्न व माशाच्या अंगावरून सुटलेली साल लगेच दिसते आणि नळीनें ओढून काढतां येते. भ्यालेल्या माशाला लपावयास जागा मात्र हवी. त्यासाठीं पाण्याच्या नळाच्या प्लॅस्टिक पाइपाचे दोन-तीन तुकडे पुरतात. ते धुतां येतात, वाळवितां येतात. टाकीच्या तीन बाजूंस बाहेरून कागद लावला तर मासा अधिक शांत राहतो. वर जाळीचें झांकण अवश्य असावें, कारण नव्या जागेंत बुजलेला मासा पहिल्या रात्रींच उडी मारतो.

गाळणीची तयारी मासा घरीं येण्यापूर्वीं तीन-चार आठवडे करावी लागते, आणि हेंच बहुतेकांकडून राहून जातें. अमोनियाचें रूपांतर प्रथम नायट्राइटमध्यें व नंतर सौम्य अशा नायट्रेटमध्यें करणारे जंतु कोऱ्या स्पंजावर नसतात. त्यांची वस्ती व्हावयास वेळ लागतो. म्हणून हवेवर चालणारी स्पंजाची साधी गाळणी आधीं मोठ्या पेटींत एका कोपऱ्यांत ठेवून द्यावी. मासा यावयाच्या दिवशीं ती निराळ्या टाकींत हलवावी. एकदां हलविलेली गाळणी मात्र निर्जंतुक करून पूर्ण वाळविल्याखेरीज परत मोठ्या पेटींत नेऊं नये. प्रारंभीच्या दिवसांत अमोनिया रोज तपासावा व तो आढळतांच पाणी बदलावें.

पाणी कोठून आणावें, याविषयीं पेण व रोहें येथील रहिवाशांची एक समजूत असते, कीं खाडी दाराशीं असतां समुद्राची चिंता कसली? परंतु खाडी म्हणजे समुद्र नव्हे. पेणच्या बाजूस धरमतरच्या खाडींत अंबा व भोगावती या नद्या येतात. पावसाळ्यांत तेथील पाण्याचा खारेपणा फार उतरतो, आणि गाळ तर बाराहि महिने असतो. रोह्याची गोष्ट आणखी निराळी आहे. १९२७ सालीं सुरू झालेलें भिऱ्याचें जलविद्युत्केंद्र मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं आणतें, आणि वीज निर्माण झाल्यावर तें कुंडलिकेंत सोडतें. म्हणून इतर नद्या ज्या वैशाखांत कोरड्या पडतात, त्या वैशाखांतहि कुंडलिका गोडें पाणी वाहून आणीत असते. शिवाय रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा वसाहतीच्या खालच्या अंगाचें पाणी जिवंत वस्तूंसाठीं घेणें शहाणपणाचें नव्हे. समुद्राचें पाणी हवेंच असेल तर रेवदंड्यापलीकडे खुल्या किनाऱ्यावर, पावसाळा संपून पुष्कळ दिवस लोटल्यावर, भरतीच्या वेळीं घ्यावें, आणि घनतामापकानें तें सुमारें १.०२५ भरतें कीं नाहीं हें पाहावें. विलगीकरणाच्या टाकीसाठीं मात्र कृत्रिम मीठ घालून केलेलें पाणीच अधिक निर्धोक, कारण त्यांतून नवा रोग येण्याची भीति नसते.

येथें आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. पेणच्या परिसरास मिठागरें नवीन नाहींत. मिठागरांतलें मीठ समुद्रांतूनच निघालें, मग तें पुन्हां पाण्यांत विरघळलें कीं समुद्र तयार होईल, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु मीठ पिकतांना समुद्राचें पाणी अंशाअंशानें तुटत जातें. चुन्याचे क्षार आधींच तळाशीं बसतात, मीठ नंतर पिकतें, आणि मॅग्नेशियमचे क्षार बहुतांशीं शेवटीं उरणाऱ्या कडू पाण्यांत राहतात. म्हणजे जेवणाचें मीठ हा समुद्राचा एक भाग आहे, सबंध समुद्र नव्हे. त्यावर मासा फार दिवस ठेवतां येत नाहीं. उन्हाळ्यांत टाकींतील पाणी आटतें, तेव्हां भर घालावयाची ती मात्र गोड्या पाण्याची. कारण वाफ पाण्याची होते, क्षार मागें राहतात.

टाकीची जागा दुसऱ्या खोलींत असावी. हवेच्या बुडबुड्यांतून उडणारे तुषारहि रोग नेऊं शकतात, म्हणून शेजारीं शेजारीं दोन पेट्या मांडण्यांत अर्थ नाहीं. जाळें, नळी, पेला व पुसावयाचें फडकें स्वतंत्र असावें. रोजचें काम करतांना आधीं जुन्या पेटीचें व मग नव्या टाकीचें, हा क्रम कधीं उलटा करूं नये, आणि शेवटीं हात साबणानें धुवावे. आपल्याकडे बाहेरून आलेल्या मनुष्यानें ओसरीवर पाय धुऊन मग माजघरांत यावें अशी रीत होती. ही टाकी म्हणजे नव्या माशाची ओसरीच होय.

मासा आणल्यावर पिशवी तासन् तास उघडी ठेवून थेंबथेंब पाणी घालीत बसणें हितावह नाहीं. प्रवासांत पिशवींतल्या पाण्यांत अमोनिया सांठलेला असतो. पिशवी उघडतांच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याची अल्कता वाढते व तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षां विक्रेत्याच्या पाण्याची घनता आधीं विचारून निराळ्या टाकीचें पाणी तिच्याशीं जुळवून ठेवावें, बंद पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवून उष्णमान सारखें करावें आणि मासा लगेच आंत घ्यावा. पिशवींतलें पाणी टाकींत ओतूं नये. टाकीची घनता नंतर कांहीं दिवसांत हळूहळू वाढवितां येते.

रोग दिसलाच तर औषध कोणतें, हा प्रश्न टाकीच्या निवडीशींच जोडलेला आहे. तांब्याची मात्रा जुना उपाय आहे. परंतु ती दर लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या अरुंद मर्यादेंत ठेवावी लागते. कमी पडली तर रोग जगतो, अधिक झाली तर मासा मरतो. रोज मोजणें होणार नसेल तर या वाटेस जाऊं नये. दुसरी युक्ति औषधावांचूनची आहे, आणि तिच्यासाठीं एका मोठ्या टाकीपेक्षां दोन लहान टाक्या सोयीच्या. मासा दर तीन दिवसांनीं पूर्णपणें स्वच्छ व कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकींत, नव्या पाण्यांत हलवावयाचा, असें चार वेळां करावयाचें. माशावरून सुटलेले जीव जुन्या टाकींत कवच करून बसतात, आणि तें फुटण्यापूर्वींच मासा तेथून निघून गेलेला असतो. दरम्यान जुनी टाकी धुऊन, वाळवून पुढच्या पाळीस तयार होते. बारा दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असा मागें टाकतां येतो. मात्र ही युक्ति याच रोगापुरती आहे. अंगावर बारीक सोनेरी धूळ पसरल्यासारखा दिसणारा व श्वास कोंडणारा दुसरा रोग तिनें जात नाहीं. म्हणून पुढचे निदान दोन आठवडे मासा नीट खातो कीं नाहीं, कल्ले जलद हलतात काय, अंग तो घांसतो काय, हें पाहत राहावेंच लागतें.

पेणच्या तळ्यासहि हेंच तत्त्व लागू आहे. नवीं पिलें आधीं एका निराळ्या हौदांत ठेवावीं. खाऱ्या पाण्यांतून आलेलीं असल्यास गोडें पाणी हळूहळू वाढवावें. समुद्रांतील पुष्कळसे परोपजीवी गोड्या पाण्यांत टिकत नाहींत, हा एक लाभ होतो. जिताड्याचीं पिलें आपल्याहून निम्म्या आकाराचें भावंडहि गिळतात. म्हणून लहान-मोठीं निवडून निराळीं करण्यासहि हाच काळ योग्य. चेन्नई येथील मत्स्यसंशोधन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याची पैदास बंदिस्त जागेंत करून दाखविली. तेव्हांपासून केवळ खाडीवर अवलंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु पैदास-केंद्रांतून आलेल्या पिलांनाहि ओसरीचा नियम सुटत नाहीं.

घरांतील व्यवहारी माणूस विचारील, कीं वर्षांतील दहा महिने रिकामी पडणारी टाकी हवी कशाला? याचें उत्तर मोठ्या पेटीकडे पाहून द्यावें. तींतील क्लाउन माशांची जोडी कदाचित् आठ वर्षांची असेल. हे मासेहि जिताड्याप्रमाणेंच प्रथम नर असतात व पुढें त्यांपैकीं एक मादी होते. अशी जोडी जमावयास वेळ लागतो, आणि ती मुलांबरोबर वाढलेली असते. ती गेल्यास नवी विकत मिळेल, पण गेलेलीं आठ वर्षें मिळणार नाहींत. शिवाय पोंवळ्यांच्या प्रदेशांतून धरून आणलेला मासा आपल्या हयगयीनें मेला, तर त्याच्या जागीं दुसरा धरला जातो.

शेवटीं, निराळ्या टाकीचें वापरलेलें पाणी ओढ्यांत, तळ्यांत किंवा खाडींत सोडूं नये, आणि नकोसा झालेला मासा तर कधींच सोडूं नये. ज्या धरमतरच्या व कुंडलिकेच्या पाण्यावर कोळ्यांचीं व आगऱ्यांचीं घरें चालतात, त्यांत परक्या प्रदेशाचा रोग नेऊन टाकण्याचा अधिकार कोणाच्याहि छंदास नाहीं. तें पाणी विरंजक चूर्ण घालून एक दिवस ठेवावें व मग सांडपाण्याच्या मोरींत ओतावें. टाकी धुऊन, उन्हांत वाळवून माळ्यावर ठेवावी, आणि पुढचा मासा ठरविण्यापूर्वीं एक महिना आधीं ती खालीं उतरवावी.